बळदातलं अमाइड

आमच्या घरात आता उंदीर राहिले नाहीत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. हे मी सुनेसमोर बोलले तर ती मला डॉक्टरकडे नेईल, म्हणून इथं लिहिते आहे. सून टापटिपीची. तिनं घर हाती घेतलं, ज्वारी पत्र्याच्या कोठ्यांत गेली, कोठ्यांना घट्ट झाकणं बसली, कोपऱ्याकोपऱ्यात चिकट पुठ्ठे पडले. बघता बघता उंदरांनी पाटोद्यातलं आमचं घर सोडलं. शेजारी गेले असतील. त्यांना शेजार तरी आहे.

उंदरांवर माझा जीव आहे असं नाही. मला त्यांचा वास हवा असतो. बंद खोलीत धान्य असलं आणि त्यात उंदरांचा वावर असला, की एक कुबट, जरासा गोडसर, नाकात चिकटून बसणारा वास येतो. लोक पदर नाकाला लावतात. मी पदर बाजूला करते. त्या वासात माझं कॉलेज आहे, आणि डोळे मिटायच्या आत तो मला एकदा छातीभर घ्यायचा होता. म्हातारीच्या इच्छा म्हणजे काशी-रामेश्वर असायला हव्यात, हे मला ठाऊक आहे. पण मला काशीला नेतो म्हणणारे चार जण भेटले, उंदराचा वास आणून देतो म्हणणारा एकही भेटला नाही.

आता उंदराचा आणि कॉलेजचा संबंध काय, हे सांगायचं तर थोडं रसायनशास्त्र सोसावं लागेल. मी सोसलं होतं, तुम्हीही सोसा.

माझं माहेर पाली, बिंदुसरेच्या धरणाजवळ. तिथून मी एसटीनं बीडला कॉलेजात जायची. गावातून बीएस्सीला जाणारी मी एकटीच मुलगी, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची काळजी मी स्वतः घ्यायची. प्रयोगशाळेतला पांढरा ॲप्रन पिशवीत सहज मावायचा, पण पिशवीत ठेवला तर दिसणार कुणाला? मी तो हातावर टाकून गाडीत उभी राहायची. बाया विचारायच्या, "पोरी, दवाखान्यात हायस का?" मी हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे, नुसती गंभीर व्हायची. एका बाईनं तर मला जीभ काढून दाखवली. मी वाकून पाहिली आणि "पाणी जास्त पीत जा" म्हणाले. असली ती पोरगी. आज समोर आली तर कान धरून तिला गाडीतून उतरवीन.

दुसऱ्या वर्षाला अमाइडचा धडा आला. आमचे सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे, जणू फळा विद्यार्थी आणि आम्ही भिंत. पण ते जे बोलले ते मला अजून तोंडपाठ आहे. कार्बनी आम्लाच्या टोकाला एक कार्बन असतो. एका बाजूला त्याला ऑक्सिजन दोन हातांनी धरून बसलेला, दुसऱ्या बाजूला ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. तो ओएच उठवायचा आणि त्याच्या जागी नायट्रोजन आणून बसवायचा. झालं अमाइड. नायट्रोजन आसपास असून भागत नाही. त्याच कार्बनला, त्या ऑक्सिजनच्या शेजारी, खेटून बसला पाहिजे. तो शेजार नसला तर ते अमाइन. अमाइन उग्र, आम्ल दिसलं की भिडणारं. तोच नायट्रोजन अमाइडात आला की गप्प होतो, कुणाच्या अध्यात न मध्यात.

मग सर नावांवर आले, आणि मी अशी हरखले की विचारू नका. नाव आम्लाकडून घ्यायचं. त्याचं मूळ तसंच ठेवायचं, शेवटचं 'इक ॲसिड' किंवा 'ओइक ॲसिड' तेवढं तोडायचं आणि तिथं 'अमाइड' जोडायचं. ॲसिटिक ॲसिडचं ॲसिटामाइड. पुस्तकी रीतीनं इथेनॉइक ॲसिडचं इथेनामाइड. नायट्रोजनवर आणखी कुणी येऊन बसलं असेल तर त्याचं नाव आधी लावायचं, आणि त्याच्याही आधी एक मोठा 'एन', म्हणजे हा पाहुणा नायट्रोजनकडचा आहे, कार्बनकडचा नव्हे, हे वाचणाऱ्याला कळावं. नुसतं नाव वाचून कोण कुठून आला, कुणाच्या शेजारी बसला, सगळं उलगडतं. आमच्या गावात तर एकेका माणसाला तीन-तीन नावं, आणि त्यातल्या एकावरूनही तो कसा आहे ते कळत नसे.

घरी येऊन मी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खताच्या पोत्याजवळ उभं केलं. म्हणाले, "दादा, हा युरिया म्हणजे कार्बोनिक आम्लाचं डायअमाइड हाय. दोन्ही बाजूंचे ओएच काढून दोन्हीकडं नायट्रोजन बसवलाय."

दादांनी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आसंल," ते म्हणाले. "आता त्या बाजूनं धर, ह्या बाजूनं मी धरतो."

मी धरलं, पण तोंडानं नियम चालूच होते.

मग प्रॅक्टिकल आलं. अमोनियम ॲसिटेट तापवायचं. त्यातून पाणी निघून जातं आणि ॲसिटामाइड उरतं. मी चंबू लावला, बर्नर लावला, आणि थोड्या वेळानं सगळ्या हॉलला उंदराचा वास सुटला. मी हात वर केला. "सर, कपाटामागं उंदीर मेलाय." सरांनी लक्ष दिलं नाही. मी शिपाईमामांना बोलावलं. त्यांनी बिचाऱ्यांनी एक कपाट सरकवलं, दुसरं सरकवलं, खाली वाकून काठी फिरवली. मी मागं उभी राहून हुकूम सोडत होते, "अजून आत, अजून आत." शेवटी सर आले, पहिल्यांदाच फळ्याकडे पाठ करून, आणि म्हणाले, "बाई, उंदीर तुमच्या चंबूत आहे."

पोरं इतकी हसली, की मला वाटलं आता कॉलेज सोडावं. सुटलंच, पण त्याला कारण दुसरं झालं.

त्या दिवशी माझे पहिले स्फटिक पडले. मळकट, पिवळसर, ओलसर, पण माझे. सरांनी ते काचेच्या तबकडीत घेऊन हवाबंद भांड्यात ठेवायला सांगितले. ॲसिटामाइड उघडं राहिलं तर हवेतली ओल खेचून घेतं आणि त्याचं पाणी पाणी होतं. "वाळू द्या," ते म्हणाले, "सोमवारी पुन्हा शुद्ध करू, मग वजन करू."

घरी आले तर पाहुण्यांचा निरोप आलेला. मी दादांना म्हणाले, "सोमवारी माझं प्रॅक्टिकल हाय."

"पाव्हणे इतवारी येणार," दादा म्हणाले. "सोमवार तुला मोकळाच हाय की."

इतवारी पाहुणे आले, सोमवारी सुपारी फुटली. मी काही रडून गोंधळ घातला नाही. खरं सांगायचं तर मला नवरदेव आवडला होता. शांत, उंच, मी बोलले तर ऐकत होता. मला वाटलं, लग्न करू आणि परत येऊन वजन करू. इतकी हुशार पोरगी, तिला एवढं कळलं नाही, की काही चंबू एकदाच लावता येतात.

लग्न होऊन पाटोद्याला आले. सासरचं घर मोठं, शेती भरपूर, माणसं त्याहून भरपूर. उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, आणि नाव ठेवायचा कार्यक्रम सुरू झाला. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आमच्याकडची रीत. नाव आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आधीच ठरवलेलं. माझ्या माहेरच्या नावातलं एक अक्षरही त्यात नव्हतं. बापाचं नाव गेलं, आडनाव बदललं, हे मला मान्य होतं. पण सगळंच? मुंडावळ्या बांधलेल्या त्या पोरीला राहवलं नाही.

"नियमाप्रमाणे मूळ तसंच ठेवत्यात," मी म्हणाले. "शेवट तेवढा बदलत्यात."

एक म्हातारी चुलतसासू पुढं झाली. "कुणाचा नियम गं?"

"रसायनशास्त्राचा."

"ते कोणच्या गावचं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बीडकडचं आसंल." म्हातारीनं मान हलवली. "बीडचं हितं चालत न्हाई. हितं आमचं पाटोद्याचं चालतं."

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "शेवट बदलायचाच हाय ना? मग सुरवातबी बदलू. निम्मं धुणं कोण धुतं का?"

ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तोवर पहिलं अक्षर लिहिलं होतं. त्यांनी तळहातानं ते तांदूळ सपाट केले. मला वाटलं, रागावले. मग अंगठी पुन्हा टेकवली आणि माझ्या माहेरच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं, आणि त्यापुढं त्यांच्या मनानं एक नवं नाव. आत्याबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सोडून दिलं. त्या ताटातल्या तांदळाचा संध्याकाळी भात झाला आणि माझं नाव घरानं जेवून टाकलं. पुढं ते कुणी वापरलंही नाही. मी सूनबाई झाले, वहिनी झाले, मग अमक्याची आई झाले, आता आजी आहे. ह्यांनी सगळा जन्म मला "ऐकलं का" अशीच हाक मारली. पण ते एक अक्षर त्यांनी राखलं होतं, हे मी विसरले नाही. ते गेल्यावर तर ते मला फारच आठवायला लागलं आहे.

त्या घरात एक बळद होतं. बळद म्हणजे घरातच बांधून काढलेलं धान्याचं कोठार, अंधारं, वरून भरायचं, खालच्या खिडकीतून काढायचं. ज्वारी काढायला पहिल्यांदा वाकले आणि आतून तो वास आला. उंदराचा. माझ्या ॲसिटामाइडचा. हॉलची लाकडी टेबलं, खिडकीतून येणारं ऊन, पोरांचं हसणं, ती काचेची तबकडी, सगळं एकदम समोर. मी तिथंच बसले आणि ओढ्यावर म्हैस पाणी पिते तशी तो वास ओढत राहिले. मग रोजच. कुणी ज्वारी मागितली नसली तरी मी बळदाकडे जायची.

एक दिवस आत्याबाईंनी मला खिडकीत तोंड घालून, डोळे मिटून बसलेली पाहिली. जशा आल्या तशा पाय न वाजवता मागं गेल्या. संध्याकाळी माझ्या ताटात लिंबाची फोड दुप्पट. दुसऱ्या दिवशी चुलतसासू चिंचा घेऊन आली. तिसऱ्या घरून बोरं आली, चौथ्या घरून भाजकी माती. पाण्याची घागर माझ्या हातून काढून घेतली गेली. कुणाला मातीच्या वासाचे डोहाळे लागतात, कुणाला राखेच्या. पाटोद्याच्या सुनेला उंदराच्या वासाचे लागले, असा निकाल गल्लीनं लावून टाकला.

आता शहाण्या पोरीनं काय करायचं? सांगायचं, की तसं काही नाही. आमच्या बाईसाहेबांनी चिंचा खाल्ल्या. बोरं खाल्ली. घागर नाही, दळण नाही, दुपारची झोप. वर बळदाकडे जायची उघड परवानगी. लेकुरवाळ्या बाया येऊन विचारायच्या, "कसला वास चांगला लागतो गं?" आणि मी डोळे किलकिले करून म्हणायची, "जुन्या उंदराचा." जणू काही उंदरांतही आंबेमोहोर असतो.

मग कावळा शिवला. आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांना वाटलं, काहीतरी वाईट झालं. त्या माझ्यापासून हातभर अंतरावर, शिवाशिव सांभाळून, खाली बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

"आत्याबाई, काई नव्हतंच," मी म्हणाले.

"म्हंजी?"

"मी नुसता वास घेत हुते."

"उंदराचा?"

"व्हय."

"कावून?"

"आठवण येती म्हणून."

"माहेराची?"

"कॉलेजाची."

त्यांनी डोळ्यांवरचा पदर काढला. "कॉलेजात उंदीर हुते?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. आम्ल, ओएच, नायट्रोजन, चंबू, कपाटामागची काठी, वाळायला ठेवलेले स्फटिक. त्यांना किती समजलं कोण जाणे, पण शिपाईमामांच्या काठीपाशी त्या हसल्या. उठता उठता म्हणाल्या, "आमच्या येळी पोरींना आठवण आली की पोरी रडायच्या. तू उंदीर हुंग. पर चिंचा मातर मी परत घेणार."

गल्लीत त्यांनी काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. मला कुणी टोमणा मारला नाही, एवढं खरं. पुढं खरोखरच दिवस गेले, आणि मला अन्नाचा वाससुद्धा सहन होईना, तेव्हा त्यांनी एका दुपारी माझा हात धरला, मला बळदापाशी नेऊन बसवलं, खिडकीची फळी स्वतः काढली आणि म्हणाल्या, "घे. तुझं कॉलेज." मी वास घेतला आणि त्यांच्याच पायावर ओकले. त्या काळात कॉलेजही पोटात ठरेना. पण फळी त्यांनी काढली होती.

आता ते बळद रिकामं आहे. आत ठिबकच्या नळ्या आणि जुन्या गोधड्या. वास येतो तो रबराचा.

आणि आता माझी नात बीडला कॉलेजात आहे. वसतिगृहात राहते, शनिवारी घरी येते. दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात ती जेवता जेवता सहज म्हणाली, "आजी, पुढच्या आठवड्यात आमाला ॲसिटामाइड करायचंय." माझा घास हातातच राहिला.

मी तिला सगळं सांगितलं, बळदापासून चिंचांपर्यंत. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "पण आजी, शुद्ध ॲसिटामाइडला वासच नसतो. उंदराचा वास येतो तो त्यातल्या अशुद्धीचा."

म्हणजे पन्नास वर्षं मी ज्याच्यासाठी झुरले ते ॲसिटामाइड नव्हतंच. त्याला लागलेला मळ होता. सर म्हणाले होते, सोमवारी पुन्हा शुद्ध करू. सोमवार आला असता तर वास तेव्हाच गेला असता.

"मग तू जरा कमी शुद्ध कर," मी म्हणाले.

"आजी, सर वितळणबिंदू तपासतात. अशुद्ध असलं की तो खाली येतो."

"आला दोन अंश खाली, तर कुणाचं लग्न मोडणार हाय?"

"माझं प्रॅक्टिकल मोडंल."

"बये, तुझ्या आजीनं आख्खं कॉलेज मोडलं."

"म्हणूनच मी नीट करणार," ती म्हणाली. ही पोरगी तशीच आहे. ताकाचा थेंब सांडत नाही, चपलांची जोडी वाकडी ठेवत नाही. मला माहीत होतं, ती नीटच करणार. तिनं नीट करावं असंही मला वाटत होतं आणि करू नये असंही. आठवडाभर मी दोन्हीकडून देवाला साकडं घातलं. देवाला काय वाटलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक.

शनिवारी ती आली. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "आजी, पांढऱ्याशुभ्र सुया पडल्या. वितळणबिंदू अगदी बरोबर. सरांनी सगळ्या वर्गाला दाखवलं."

"वास?"

"अजिबात न्हाई."

"शाब्बास," मी म्हणाले. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं मोडली. ओल्या मळक्या स्फटिकांपासून पांढऱ्या सुयांपर्यंत जायला आमच्या घराला पन्नास वर्षं लागली, पण गेलं. मला आनंद झाला होता. फक्त तो आनंद मी जरा खिडकीकडे तोंड करून केला.

तेवढ्यात धुण्याच्या खोलीतून सुनेचा आवाज आला. ती नातीची पिशवी रिकामी करत होती. "आत्या, हिच्या ॲप्रनात काय मेलंय बघा. उंदीर मेल्यावानी वास येतोय."

मी नातीकडे पाहिलं. ती पंख्याकडे पाहत होती.

"पहिल्यांदा काढलं तेव्हा, शुद्ध करायच्या आधी, जरा सांडलं," ती पंख्यालाच म्हणाली. "मग बाहीनंच पुसलं."

"तू सांडलंस?"

"सांडतं कधीकधी."

मी उठले, सुनेच्या हातातून ॲप्रन घेतला आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी चालत बळदापाशी गेले. ठिबकच्या नळ्या बाजूला सारल्या, जुन्या खिडकीपाशी बसले. ॲप्रनची उजवी बाही जरा कडक झाली होती, त्यावर पिवळसर डाग होता. मी ती बाही नाकाशी धरली.

तोच. कुबट, जरासा गोडसर, चिकटून बसणारा. शिपाईमामांची काठी कपाटाखाली फिरत होती. ह्यांचा तळहात तांदूळ सपाट करत होता. आत्याबाई खिडकीची फळी काढत होत्या. आणि एसटीत एक आगाऊ पोरगी ॲप्रन हातावर टाकून उभी होती. ह्या खेपेला मी तिला उतरवलं नाही.

किती वेळ बसले ठाऊक नाही. सून दारात आली. "आत्या, मशीन लावायचंय. द्या तो ॲप्रन."

"आज नको," मी म्हणाले. "अजून वाळतोय."